नीलावहिनींची वीत

सुरतेच्या कापडबाजारात जयंतराव दिघे हे नाव निघालं की गादीवर लोळणारे शेठ उठून बसत. जयंतराव तोलमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. मीटरपट्टी टोकाला एवढीशी झिजलेली दिसली तरी ते ती जप्त करत आणि वर शेठला प्रामाणिकपणावर दोन शब्द ऐकवत. हे दोन शब्द चहा गार होईपर्यंत चालत. वार, गज, हात, वीत ही सगळी मापं कायद्याने कधीच मेली आहेत, हे तर ते अशा सुरात सांगत की त्यांना खांदा यांनीच दिला असावा. अशा माणसाने आपल्या बायकोची वीत प्रमाण माप म्हणून जाहीर करावी, याला दैवाची थट्टा म्हणायची की संसाराची, ते ज्याने त्याने ठरवावं.

त्याचं झालं असं, की पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, मीटरपट्टी तपासायला गेलेले जयंतराव तिथून गळाची दोरी घेऊन परतले. दोरी दिली सुकदेवने. सुकदेव तिथे घडीखात्यात होता, राहायला डिंडोलीला, मूळचा धुळ्याकडचा. साहेबांचं रक्तदाब वाढल्यासारखं लाल झालेलं तोंड बघून त्याला दया आली आणि त्याने त्यांना रविवारी तापीच्या कॉजवेवर बोलावलं. नवा कॉजवे होऊन फार दिवस झाले नव्हते. वरच्या अंगाला गोडं पाणी तुंबलं होतं आणि खालच्या अंगाला भरतीबरोबर खाडीचे मासे चढून येत. जयंतराव अलिबागकडचे, पण मासे त्यांनी आजवर फक्त ताटात धरले होते.

पहिल्याच रविवारी ते घरून कणकेच्या गोळ्या करून घेऊन गेले. सगळ्या गोळ्या खिशातल्या तराजूवर सारख्या वजनाच्या केलेल्या. मासे त्या अचूक गोळ्या अचूक खाऊन जात आणि गळ तसाच वर येई. शेवटी एकदाची नशिबाने साथ दिली आणि बोया, म्हणजे खाडीतले चंदेरी मासे, चिमुकल्या का होईना, लागोपाठ लागल्या. सगळ्या करंगळीएवढ्या. त्या रुमालात बांधून, स्कूटरच्या हँडलला लटकवून, जयंतराव विजयी वीरासारखे अडाजणच्या सोसायटीत शिरले.

नीलावहिनी रेवदंड्याच्या. खाडीच्या काठावर वाढलेल्या बाईला बोय काय ते शिकवायला नको. त्यांनी रुमाल सोडला, एक बोय ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी आपल्या उजव्या हाताची वीत पसरली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मासा निम्म्यातसुद्धा पोचला नाही.

"ही अजून एकदाही व्यालेली नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी असलीच आणली तर पुढच्या वर्षी तुमच्या गळाला काय, पाणी लागणार? माझ्या वितेपेक्षा लहान बोय या ओट्यावर आणायची नाही."

दुसरा नवरा असता तर मान डोलावून पेपर वाचायला बसला असता. पण जयंतराव इन्स्पेक्टर होते. 'वीत' म्हणजे नक्की किती, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. त्यांनी वहिनींचा हात कागदावर ठेवला, बोटं पूर्ण फाकवायला लावली आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या. काम मिनिटाचं, पण हात बराच वेळ हातात राहिला. लग्नात अंतरपाट दूर झाल्यापासून इतक्या काळजीने माझा हात कोणी धरला नव्हता, असं वहिनी म्हणाल्या. जयंतरावांनी तिकडे दुर्लक्ष करून एका बाद झालेल्या सागवानी मीटरपट्टीचा तेवढा तुकडा कापला आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. पट्टीवर एकही आकडा घातला नाही, कारण बेकायदा माप लेखी ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

रविवारी कॉजवेवर गळ टाकणाऱ्या मंडळींत नियम जाहीर झाला: जी बोय पट्टीला पुरणार नाही, ती जिवंत पाण्यात परत. पट्टी आधी ओली करायची, मासा फार हाताळायचा नाही, तोंडातला गळ हळू सोडवायचा. हे सोपस्कार सुकदेवला मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखे वाटले. तो म्हणाला, "भाऊ, मासा धराना शे का पोर देखानी शे?" पण त्याने नियम पाळला. कधी मासा पोटाकडून मोजला, कधी पाठीकडून, तरी पाळला.

आता नियम केला म्हणजे त्याला कायद्याचा आधार हवा. म्हणून जयंतराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून मत्स्योद्योगाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला आधी वाटलं, यांना तलाव ठेक्याने हवा आहे. मग वाटलं, यांना ट्रॉलरसाठी कर्ज हवं आहे. हौशी माणसाने किती लांबीचा मासा सोडावा, एवढंच विचारायला कोणी धडधाकट गृहस्थ येईल हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्याने साहेबांकडे पाठवलं, साहेबांनी दुसऱ्या साहेबांकडे पाठवलं, आणि दुसऱ्या साहेबांनी अतिशय आदराने चहा पाजून घरी पाठवलं. दरम्यान त्यांच्या स्वतःच्या वरिष्ठांनी स्कूटरच्या डिकीत ती पट्टी पाहिली आणि हे विनाशिक्क्याचं माप कुठलं, म्हणून विचारलं. "वीत आहे, साहेब," असं म्हणताना जयंतरावांचे कान लाल झाले. खरेदी-विक्री नसल्यामुळे गुन्हा होत नाही, असा निर्णय वरिष्ठांनी दिला खरा, पण तो सगळ्या कचेरीसमोर दिला.

इथवर सगळं ठीक होतं. पण खालच्या मजल्यावर रमणिकभाई राहत होते.

रमणिकभाई शाह कापडाचे दलाल. पर्वत पाटियाकडून परत येताना एका रविवारी त्यांची वाट वाकडी झाली आणि ते कॉजवेवरून गेले. तिथे त्यांनी पाहिलं, की वरच्या मजल्यावरचे दिघे एक तडफडता मासा दोन्ही ओल्या हातांनी धरून, अलगद वाकून, पाण्यात सोडत आहेत. तो सोडल्यावर त्यांनी दुसरा सोडला. रमणिकभाईंना गहिवरून आलं. इतकी वर्षं वरच्या बंद खिडक्यांमागून उदबत्तीबरोबर जो वास येत होता, त्याबद्दल आपण या पुण्यात्म्याविषयी काय काय मनात आणलं, याचा त्यांना पश्चात्ताप झाला. हा माणूस दुसऱ्यांच्या गळातून मासे सोडवतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती सोसायटीभर केली.

जैनांच्या पर्युषणाच्या सुमाराला सोसायटीच्या हॉलमध्ये जयंतरावांचा सत्कार झाला. त्यांनी नाही म्हणून पाहिलं, पण त्याला विनय समजण्यात आलं. तुम्ही जीवदयेचे माणूस, असं रमणिकभाई माइकवरून म्हणाले आणि त्यांनी शाल पांघरली, नारळ दिला. जयंतरावांना खरं सांगायचं होतं. तोंड उघडलं, समोर सगळ्या बायका पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसलेल्या दिसल्या, आणि ते मिटलं. पहिल्या रांगेत नीलावहिनी तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होत्या. ते बघून बाकीच्यांना वाटलं, त्यांनाही भरून आलं आहे.

ती शाल कपाटात मावेना. नीलावहिनी ती माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढल्या, स्टूल कललं, आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

प्लास्टर चढलं, यथावकाश निघालं. आतून जो हात निघाला तो वहिनींना आपला वाटेना. बोटं आखडलेली, अंगठा तळव्याशी चिकटून बसलेला. हात रोज ताणायचा, दुखलं तरी ताणायचा, नाहीतर असाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं. सोसायटीने आपापले उपाय पाठवले. रमणिकभाईंच्या पत्नीने तेल दिलं, समोरच्यांनी मंतरलेला दोरा दिला, सुकदेवची बायको मंगलाबाई डिंडोलीहून बसने येऊन ओल्या कणकेचा गोळा हातात देऊन गेली. वहिनी सगळ्यांना चहा देत, म्हणजे जयंतरावांना द्यायला लावत, आणि लोक गेले की हात पदराखाली घेऊन बसत. दुखतं म्हणून ताणायच्या नाहीत, ताणत नाहीत म्हणून आणखी आखडायचा. तांदळाच्या भाकरीसाठी ज्या हाताची नातलगांत तारीफ होती, तो हात आता चमचासुद्धा नीट धरेना. जेवणावरची वासना गेली. मुलगी मृणाल पुण्याहून फोनवर ओरडायची, तेव्हा त्या हं हं म्हणायच्या.

जयंतरावांना आतून पोखरत होतं ते एवढंच, की खोट्या मानाची शाल आपण घेतली आणि हात हिचा मोडला. पण हे बोलून दाखवायचं तर कसं, हे तोलमाप खात्यात कोणी शिकवत नाही. त्यांनी फक्त विचारलं, काय खावंसं वाटतं.

"बोईचं कालवण," वहिनी म्हणाल्या. "बाजारातली नको. तुम्ही धरलेली, पट्टीला पुरणारी. तशी आणलीत तर मी याच हाताने साफ करीन. दुखलं तरी करीन."

जयंतरावांनी हा करार दोन्ही हातांनी घेतला. एकदा सुरी धरली की हात चालू लागेल, असा त्यांचा हिशेब होता. पण जे मासे एरवी हौसेने येत, ते आता अडला हरी आहे म्हटल्यावर फिरकेनात. आले तर पट्टीला पुरेनात. त्यातून रमणिकभाई दर रविवारी मॅटाडोर भरून सोसायटीची माणसं जीवदया बघायला आणू लागले होते. मंडळी काठावर सतरंजी पसरून, घरून आणलेलं खमण खात बसत आणि मासा सुटला की हात जोडत. चुकून मोठी बोय लागली तर यांच्यासमोर ती पिशवीत कशी टाकायची, या काळजीने जयंतरावांचा रक्तदाब गळ टाकायच्या आधी होता त्यापेक्षा वर गेला.

डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं त्याच्या आधीच्या रविवारी दोरी ताणली गेली. बोय चांगली भरलेली होती, चांदीसारखी चमकत होती. जयंतरावांनी पट्टी ओली केली आणि मासा तिच्यावर ठेवला. तोंड एका टोपीला टेकलं. शेपटी दुसऱ्या टोपीपासून बोटभर अलीकडे थांबली.

सुकदेव जवळ सरकला. त्याने मॅटाडोरवाल्यांकडे पाठ केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, वहिनीसना हात आते इतलाच फाकस. त्यासना मापमा हाई पुरी बसस. लई जा."

तो वाईट बोलला नव्हता. त्याच्या मनात कणवच होती. आणि म्हणूनच ते शब्द जयंतरावांच्या काळजात रुतले. मासा हातात धडपडत होता आणि फार वेळ नव्हता. हा मासा पुरतो म्हणायचं म्हणजे ती वीत आता एवढीच, ती पुन्हा पुरी उघडायची नाही, हे आपल्या हाताने मान्य करायचं.

"सुकदेव," ते म्हणाले, "पट्टी झिजली तर आपण पट्टी दुरुस्त करतो. मीटर लहान करत नाही."

त्यांनी वाकून बोय पाण्यात सोडली. सतरंजीवरून जयजयकार झाला. रमणिकभाईंनी येऊन त्यांना मिठी मारली आणि त्यांचे डोळे ओले बघून स्वतःचेही पुसले.

घरी येईपर्यंत जयंतरावांनी थाप ठरवून ठेवली होती, की आज काही लागलंच नाही. पण वहिनी गॅलरीत वाट बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. सुकदेवचं बोलणंसुद्धा सांगितलं.

वहिनींनी पट्टी मागितली. टेबलावर ठेवून एका टोपीला अंगठा टेकवला आणि बोटं उघडली. ओठ घट्ट मिटून उघडली. करंगळी दुसऱ्या टोपीपासून बोटभर अलीकडे थांबली.

"म्हणजे मी पण सोडून द्यायच्या मापाची झाले," त्या म्हणाल्या.

शेठ लोकांना चहा गार होईपर्यंत ऐकवणारे जयंतराव खुर्ची ओढून शेजारी बसले.

"अगं, सोडतात ते टाकून द्यायला नाही," ते म्हणाले. "वाढावं म्हणून सोडतात."

वहिनींनी डावा हात डोळ्यांवर धरला. मग उजवा हात तसाच पट्टीवर ठेवून म्हणाल्या, "दाबा करंगळी. मी ओरडले तरी सोडू नका."

त्या दिवसापासून दिघ्यांच्या घरात संध्याकाळची तालीम सुरू झाली. जयंतराव दाबत आणि वहिनी ओरडत. ओरडताना त्या दिघे घराण्याच्या मागच्या पिढ्यांचाही समाचार घेत. दुसऱ्याच संध्याकाळी रमणिकभाई सपत्नीक जिने चढून धापा टाकत दारात आले. मुंगीला न दुखवणारा आपला पुण्यात्मा घरात बायकोला मारतो, या कल्पनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आत बघतात तर पुण्यात्मा बायकोचा हात धरून स्वतःच रडतो आहे आणि बायको ओल्या गालांनी हसते आहे.

खरं सांगायची वेळ आली होती, आणि ते नीलावहिनींनीच सांगितलं. हा हात मी मासे साफ करण्यासाठी बरा करते आहे, आम्ही मासे खातो, लहान सोडतो आणि मोठा मिळाला तर आणतो. जयंतरावांनी मुकाट्याने माळ्यावरून शाल काढून रमणिकभाईंच्या समोर ठेवली. रमणिकभाई खुर्चीत बसले. पाणी प्यायले. शालीच्या दशा बोटांनी सारख्या करत राहिले. फसवलं गेल्याचं दुःख त्यांना झालं, ते त्यांनी लपवलं नाही. मग उठताना शाल परत जयंतरावांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, सोडले ते तर खरेच सोडले ना, ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

मॅटाडोर यायची बंद झाली. रमणिकभाई मात्र अधूनमधून एकटेच येत आणि लांब कठड्याशी उभे राहत.

करंगळी रोज तिळातिळाने सरकत गेली. थंडी पडली, हातगाड्यांवर पोंक, म्हणजे सुरती हुरडा, आला, आणि एका सकाळी वहिनी म्हणाल्या, की आज मीही येते. त्या दिवशी भरती चांगली होती. बोय लागली तेव्हा जयंतराव सवयीने पट्टीकडे वळले. वहिनींनी त्यांना थांबवलं. स्वतः हात पाण्यात बुडवून ओला केला आणि माशाशेजारी वीत पसरली. करंगळी किंचित थरथरली, पण उघडली, पूर्वी उघडायची तितकी. शेपटी करंगळीच्याही पुढे गेली होती.

सगळ्यांनी कठड्याकडे पाहिलं. रमणिकभाई तिथेच होते आणि त्यांनी सारं पाहिलं होतं.

"जयंतभाई," ते म्हणाले, "आजे मारी आंखे जरा झांखुं देखाय छे." आणि अंधूक दिसत असल्यासारखे डोळे चोळत रांदेरच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, की या एका जिवासाठी मी उद्या आयंबिल करीन, मीठ-तेलाशिवाय एकवेळ जेवीन. भाभींना म्हणावं, पोटभर जेवा. सुकदेवने डोक्याचा रुमाल काढून बोय त्यात बांधून दिली.

त्या दुपारी दिघ्यांकडे खिडक्या बंद नव्हत्या. वहिनींनी बोय साफ केली. वेळ लागला, मधे दोनदा थांबावं लागलं, पण कोणाला हात लावू दिला नाही. मग भाकरी थापायला घेतली. भाकरी एका बाजूला जाड झाली, कडेला चिरली, आणि वर पाचही बोटांचे ठसे उमटले. ती ताटात वाढून वहिनी समोर उभ्या राहिल्या.

"बघा, इन्स्पेक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "मापात आहे का."

पट्टी हाताशीच खुंटीला टांगलेली होती. जयंतरावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी कालवणात बुडवला आणि पहिला घास नीलावहिनींच्या तोंडापुढे धरला.